वलवण–मावळचा पाऊस: हंगामी चढउतार आकड्यांतून कसे वाचावेत?

जुलै सरता सरता वलवणचे धरण बहुतेक वर्षी काठोकाठ येते. 'यंदा पाऊस चांगला' असे सगळे म्हणतात आणि ते खोटेही नसते. पण त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात धरणाच्या आसपासच्या माळाकडच्या खाचरांत दाणे भरताना पाणी नसते आणि निम्मी लोंबी पोचट निघते. नाहीतर उलटे होते. भात कापून कडपे पसरले, की नेमका पाऊस येतो. धरणाला हंगामाचा एकूण पाऊस पुरतो. भाताला कोणत्या आठवड्यात किती, हे लागते.

पावसाच्या नोंदीवरून हे 'कधी आणि किती' कसे काढायचे, त्याच्या सांख्यिकी पद्धती या लेखात दिल्या आहेत. वही, पेन आणि मोबाईलवरचा गणकयंत्राचा भाग एवढ्यावर बहुतेक काम होते. उदाहरणे मावळातल्या भाताची आहेत, पण पद्धती कोणत्याही गावाला आणि पिकाला लागू पडतात.

वार्षिक सरासरी का पुरत नाही?

लोणावळ्याचा वार्षिक पाऊस सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक आहे. तेथून सुमारे ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास येतो. वडगाव मावळ या दोघांच्या मधे आहे, पण तिथला पाऊस लोणावळ्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. घाटमाथ्यावर ढग अडतात, रिते होतात आणि पूर्वेकडे उतरताना पाऊस झपाट्याने घटतो. म्हणून 'मावळ तालुक्याचा पाऊस' हा एक आकडा वलवणलाही लागू पडत नाही आणि तळेगावलाही नाही. पहिला नियम हाच: शक्य तितक्या जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद वापरा.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्षातला ९० टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्यात जुलैचा वाटा सर्वांत मोठा असतो. जुलैत दोन दिवस अतिवृष्टी झाली की हंगामाची बेरीज फुगते. त्यातले बरेचसे पाणी खाचरावरून वाहून जाते. सप्टेंबरअखेर त्याचा उपयोग शून्य.

हवामान विभाग जिल्ह्याचा पाऊस सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांत असला, की त्याला 'सामान्य' म्हणतो. म्हणजे 'सामान्य' पावसाच्या वर्षातही तुमचा एखादा आठवडा पूर्ण कोरडा जाऊ शकतो. हा शब्द बेरजेबद्दल आहे, वाटणीबद्दल नाही.

नोंदीचे एकक: मानक हवामान आठवडा

दिवसाचा पाऊस फार उड्या मारतो आणि महिन्याची बेरीज सगळे झाकून टाकते. शेतीसाठी आठवडा हे सोयीचे माप आहे. हवामानशास्त्रात वर्षाचे ५२ मानक आठवडे ठरलेले आहेत आणि त्यांच्या तारखा दरवर्षी त्याच राहतात. भातासाठी लक्षात ठेवण्यासारखे आठवडे असे:

- २३ वा: ४ ते १० जून
- २४ वा: ११ ते १७ जून (रोप टाकणे)
- २७ वा: २ ते ८ जुलै (लावणी)
- ३८ वा: १७ ते २३ सप्टेंबर (निसवणे)
- ४० वा: १ ते ७ ऑक्टोबर (दाणे भरणे)
- ४३ वा: २२ ते २८ ऑक्टोबर (कापणी)

पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो मागच्या २४ तासांचा असतो. रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या तारखेला लिहिला जातो, हे जुळवणी करताना विसरू नका. ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस होतो तो 'पावसाचा दिवस' धरतात. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण १०१ लिटर पाणी.

मंडळनिहाय रोजच्या नोंदी कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मिळतात. गावात जुनी वही असेल तर ती सोन्यासारखी जपा. दीर्घकालीन सरासरीसाठी जागतिक हवामान संघटना ३० वर्षांचा काळ धरते. तुमच्याकडे १० वर्षे असतील तरी सुरुवात करा, फक्त निष्कर्ष तितक्याच बेताने काढा.

सरासरी, मध्यक आणि प्रमाण विचलन

खरी आकडेवारी घेऊ. हवामान विभागाने मुंबईत मॉन्सून दाखल झाल्याचे जाहीर केलेल्या तारखा अशा आहेत:

२०१६: २० जून
२०१७: १२ जून
२०१८: ९ जून
२०१९: २५ जून
२०२०: १४ जून
२०२१: ९ जून
२०२२: ११ जून
२०२३: २५ जून
२०२४: ९ जून
२०२५: २६ मे

घाटमाथ्यावर मॉन्सून बहुधा याच सुमारास चढतो, म्हणून या तारखा आपल्याला उपयोगी आहेत. १ जूनला १ धरून मोजले तर २६ मे म्हणजे उणे ५. दहा आकड्यांची बेरीज १२९, सरासरी १२.९. म्हणजे सरासरी तारीख १३ जून. आकडे लहान-मोठे असे ओळीने लावले, तर मधले दोन ११ आणि १२. यांच्या मध्यावर येतो तो मध्यक, म्हणजे ११–१२ जून. मुंबईची अधिकृत सामान्य तारीख ११ जून आहे. इथवर सगळे जुळते आणि इथेच फसगत होते.

प्रत्येक वर्षाचा सरासरीपासूनचा फरक काढा, त्याचा वर्ग करा, सर्व वर्गांची बेरीज करा, तिला (वर्षे उणे १) ने भागा आणि वर्गमूळ घ्या. हे प्रमाण विचलन. इथे ते जवळजवळ ९ दिवस येते. म्हणजे '१३ जून' याचा खरा अर्थ 'साधारण ४ ते २२ जून, आणि कधीकधी त्याच्याही बाहेर'. दहापैकी तीन वर्षी मॉन्सून २० जून किंवा त्यानंतर आला. एका वर्षी मे महिन्यातच आला.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत हे मी स्वतः शिकलो, तेही दुसऱ्याच्या शेतावर. एका बैठकीत फळ्यावर सरासरी तारीख लिहून मी सगळ्यांना एकाच वेळी रोप टाकायला सांगितले होते. विहिरीच्या पाण्यावर रोप वाढले, पण चिखलणीपुरता पाऊस आलाच नाही. लावणी झाली तेव्हा रोप चाळीस दिवसांचे झाले होते. फुटवे कमी आले आणि उतारा घटला. एक म्हातारे शेतकरी मला एवढेच म्हणाले, "साहेब, तारीख बरोबर होती, पाऊस चुकला." त्यानंतर मी सरासरी सांगताना तिच्यासोबत 'मागे-पुढे किती' हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

खात्रीचा पाऊस किती?

पावसाच्या आकड्यांत सरासरी आणखी फसवते, कारण पाऊस शून्याच्या खाली जात नाही पण वर कितीही जातो. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घ्या. एखाद्या गावातला २४ व्या आठवड्याचा दहा वर्षांचा पाऊस मिलिमीटरमध्ये असा आहे: ३१०, ४५, ०, १२०, ८, ९५, ३०, ४२०, ६०, १२.

बेरीज १,१००, सरासरी ११० मिलिमीटर. पण ११० किंवा त्याहून अधिक पाऊस फक्त तीन वर्षी पडला. मध्यक ५२.५, म्हणजे सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. प्रमाण विचलन १४२ येते. ते सरासरीने भागून १०० ने गुणले की मिळतो तो चलन गुणांक, इथे १२९ टक्के. चलन गुणांक १०० च्या वर असेल, तर त्या आठवड्याच्या सरासरीवर कोणताही बेत आखू नये.

मग कशावर आखावा? आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा: ४२०, ३१०, १२०, ९५, ६०, ४५, ३०, १२, ८, ०. प्रत्येकाच्या क्रमांकाला (वर्षे अधिक १) म्हणजे ११ ने भागा. आठव्या क्रमांकाला ८ भागिले ११, म्हणजे ७३ टक्के. त्या जागी १२ मिलिमीटर आहे. अर्थ असा, की चारपैकी जवळजवळ तीन वर्षी या आठवड्यात निदान १२ मिलिमीटर पाऊस मिळतो. याला खात्रीचा पाऊस म्हणा. जास्त वर्षांच्या नोंदी असतील तर हेच काम संशोधक गॅमा वितरण बसवून करतात, पण तत्त्व हेच.

प्रश्न उलटाही विचारता येतो. रोप रुजायला आठवड्यात निदान २० मिलिमीटर हवे असे धरले, तर वरच्या दहापैकी सात वर्षी ते मिळाले. संभाव्यता ७० टक्के. 'दहापैकी सात' हा आकडा सरासरीपेक्षा निर्णयाच्या कितीतरी जवळचा आहे.

तुलनेआधी हंगाम वजा करा

जुलैत आठवड्याला १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि सप्टेंबरअखेरही १०० झाला. दोन्ही सारखे का? नाही. ऋतूचा स्वतःचा चढउतार बाजूला काढला, की उरतो तो त्या वर्षाचा वेगळेपणा. यालाच सरासरीपासूनची तफावत म्हणतात.

समजा २९ व्या आठवड्याची सरासरी ४०० आणि प्रमाण विचलन २०० आहे. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर तफावत उणे ३००. तिला २०० ने भागले की उणे १.५. म्हणजे हा आठवडा बराच कोरडा. ३८ व्या आठवड्याची सरासरी ६० आणि विचलन ५० असेल, तर तेच १०० मिलिमीटर अधिक ०.८ ठरतात, म्हणजे चांगला ओला आठवडा. अशा भागलेल्या तफावतीला प्रमाणित तफावत म्हणतात. तिच्यामुळे वेगवेगळे आठवडे, वेगवेगळी गावे आणि पाऊस-तापमानासारखे वेगळे घटकसुद्धा एका मापाने ताडता येतात.

दोन पथ्ये पाळा. एक, साप्ताहिक सरासरी थोड्या वर्षांवर काढली तर खडबडीत येते; मागचा, चालू आणि पुढचा अशा तीन आठवड्यांची सरासरी घेऊन ती गुळगुळीत करा. दोन, ज्या आठवड्यात बरेच शून्य आहेत तिथे प्रमाणित तफावतीऐवजी नुसता क्रमांक पाहा: 'गेल्या वीस वर्षांतला तिसरा कोरडा आठवडा' हे वाक्य जास्त प्रामाणिक असते.

कोरड्यामागून कोरडा: खंडाची संभाव्यता

पाऊस नाण्यासारखा वागत नाही. कोरड्या आठवड्यानंतर पुढचा आठवडा कोरडा जाण्याची शक्यता बहुधा वाढलेली असते, कारण वातावरणाची स्थिती पटकन पालटत नाही. ही सवय मोजण्याच्या पद्धतीला मार्कोव्ह साखळी म्हणतात. नाव मोठे आहे, काम मोजणीचे.

आठवड्याला २० मिलिमीटरच्या खाली तो कोरडा, असे ठरवा. काल्पनिक उदाहरण: वीस वर्षांपैकी ११ वर्षी ४० वा आठवडा कोरडा गेला, म्हणजे ५५ टक्के. आता फक्त ती वर्षे घ्या, ज्यात ३९ वा आठवडा कोरडा होता. अशी ८ आहेत आणि त्यांतल्या ६ वर्षी ४० वा आठवडाही कोरडा गेला. म्हणजे ७५ टक्के.

उपयोग काय? ३० सप्टेंबरला वहीत पाहिले आणि ३९ वा आठवडा कोरडा दिसला, तर आता थांबून पाहण्यात अर्थ नाही. खाचरातून पाणी बाहेर जाण्याची वाट त्याच दिवशी बंद करा, बांधाची खेकड्यांची बिळे बुजवा आणि ओढ्याला पाणी असेपर्यंत एक पाणी देण्याची तयारी करा. पूर्वअंदाज पुढचे चार-पाच दिवस सांगतो. तुमची वही त्याला जोड देते.

पाऊस 'पुढे-मागे सरकतोय' हे खरे का?

चावडीवर हा विषय दरवर्षी निघतो. काही बदल अधिकृतपणे नोंदले गेले आहेत. हवामान विभागाने २०२० मध्ये सामान्य तारखा सुधारल्या तेव्हा मुंबईतून मॉन्सून परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली, आगमनाची मात्र १० वरून ११ जून, म्हणजे एकच दिवस सरकली. देशाच्या जून ते सप्टेंबर पावसाची दीर्घकालीन सरासरीही २०२२ मध्ये ८८०.६ वरून ८६८.६ मिलिमीटर करण्यात आली, कारण १९६१–२०१० ऐवजी १९७१–२०२० हा काळ धरला गेला. तेव्हा 'सरासरीच्या तुलनेत' असे वाचाल तेव्हा कोणती सरासरी, हे विचारा.

आपल्या नोंदीत कल आहे की भास, हे तपासायला मान-केंडॉल चाचणी सोपी आहे. प्रत्येक वर्षाची त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाशी तुलना करा. नंतरचा आकडा मोठा असेल तर अधिक १, लहान असेल तर उणे १, सारखा असेल तर ०.

वरच्या दहा आगमन-तारखांवर करून पाहू. एकूण ४५ जोड्या होतात. १३ जोड्यांत नंतरची तारीख उशिराची, २८ जोड्यांत लवकरची आणि ४ सारख्या. १३ वजा २८ म्हणजे उणे १५. पाहताक्षणी वाटते, मॉन्सून लवकर येऊ लागला. पण चाचणी पूर्ण केली तर प्रमाणित मूल्य उणे १.२८ येते. कल आहे असे ठामपणे म्हणायला ते १.९६ च्या पलीकडे जावे लागते. तेवढे ते जात नाही. शिवाय त्या उणे १५ पैकी उणे ९ एकट्या २०२५ च्या वाट्याचे आहेत. ते एक वर्ष काढले, तर ३६ जोड्यांत उणे ६ एवढेच उरते.

म्हणून एका वर्षाच्या आठवणीवर रोपाची तारीख कायमची बदलू नका. कल आढळलाच, तर तो वर्षाला किती, हे सेनच्या उताराने काढतात: प्रत्येक जोडीतला फरक मधल्या वर्षांनी भागायचा आणि आलेल्या सर्व आकड्यांचा मध्यक घ्यायचा. एखादे टोकाचे वर्ष या पद्धतीला फारसे बिघडवू शकत नाही. महिन्यांचे आकडे असतील तर जूनची तुलना जूनशी आणि सप्टेंबरची सप्टेंबरशीच करा; सगळे महिने एकत्र मिसळले तर ऋतूचा चढउतारच कल म्हणून दिसू लागतो.

एल निनोचे काय?

एल निनोच्या वर्षी देशात कमी पावसाची शक्यता वाढते, हे खरे. २०२३ हे तसे वर्ष होते. देशभराचा हंगामी पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला आणि ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पण १९९७ मध्ये अतिशय तीव्र एल निनो असूनही देशाचा पाऊस सामान्य राहिला. एल निनो संभाव्यता हलवतो, निकाल देत नाही. शिवाय घाटमाथ्याच्या पावसात डोंगराचा वाटा मोठा असतो. तुमच्या वहीत एल निनोच्या वर्षांवर खूण करा आणि तुमच्या गावात त्या वर्षी काय झाले, ते वेगळे मोजा.

हे सगळे भाताच्या तारखेत कसे उतरते?

वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेला इंद्रायणी वाण मावळात घरोघरी आहे. त्याला साधारण १३५ ते १४० दिवस लागतात आणि पक्व होण्याआधी सुमारे ३० ते ३५ दिवस तो फुलोऱ्यात असतो. १३८ दिवस धरून हिशेब असा येतो:

- २६ मे ला बी टाकले: भात ११ ऑक्टोबरच्या सुमारास तयार. पाऊस परतण्याची सामान्य तारीख ८ ऑक्टोबर. म्हणजे कापणी अगदी काठावर. दाणे भरायला पाणी मिळेल, पण कडपे भिजण्याचा धोका मोठा.
- १० जूनला टाकले: २६ ऑक्टोबरच्या सुमारास तयार, फुलोरा सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्याच्या आसपास. दोन्ही धोके मध्यम.
- २५ जूनला टाकले: १० नोव्हेंबरच्या सुमारास तयार, फुलोरा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. कापणी कोरडी, पण पाणी नसलेल्या खाचरात लोंबी पोचट राहण्याचा धोका सर्वाधिक.

धोका कुठल्याच तारखेला शून्य होत नाही, तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. २०१९ मध्ये मुंबईत मॉन्सून २५ जूनला आला आणि देशातून त्याची माघार ९ ऑक्टोबरला, म्हणजे विक्रमी उशिरा सुरू झाली. त्या ऑक्टोबरच्या पावसाने राज्यात काढणीला आलेली पिके मोठ्या प्रमाणावर भिजली. उशिरा आलेला पाऊस उशिरा गेला. पण दरवर्षी तो तसाच वागेल, या भरवशावर राहता येत नाही.

म्हणून शिफारस अशी:

१. सगळे रोप एका दिवशी टाकू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्पे करा. नऊ दिवसांच्या प्रमाण विचलनावर हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

२. खालच्या, पाणी धरणाऱ्या खाचरांत इंद्रायणी ठेवा. माळाकडच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरांसाठी हळवा वाण निवडा.

३. लावणीला रोप २१ ते २५ दिवसांचे असावे. पावसाने ओढ दिली आणि रोप जुने झाले, तर अंतर कमी करा आणि चुडात रोपांची संख्या वाढवा.

४. ३८ व्या आठवड्यापासून वही रोज उघडा. कोरड्या आठवड्यानंतरची संभाव्यता पाहून पाणी अडवण्याचा निर्णय घ्या.

५. कापणीच्या आधी आठ-दहा दिवस पाणी काढा. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज पाहूनच विळा लावा आणि एका दिवसात झोडता येईल तेवढेच कापा.

वही कशी सुरू कराल?

पर्जन्यमापक उघड्यावर ठेवा. झाड किंवा भिंत जेवढी उंच असेल, तिच्या निदान दुप्पट अंतर सोडा. रोज सकाळी साडेआठला मोजा. पाऊस नसेल तर '०' लिहा. जागा कोरी सोडू नका. कोरी जागा म्हणजे पाऊस नव्हता की मोजलाच नाही, हे पुढच्या वर्षी कुणालाच सांगता येत नाही. शेजारच्या स्तंभात रोप टाकणे, लावणी, निसवणे आणि कापणी यांच्या तारखा लिहा आणि शेवटी उतारा.

पाच वर्षांनी या वहीत तुमच्या गावाचा पाऊस दिसू लागेल. दहा वर्षांनी दहापैकी किती वर्षी कोणता आठवडा दगा देतो, हे तुम्हीच बोट ठेवून सांगाल. माझ्यासारखा कुणी फळ्यावर एकच तारीख लिहू लागला, तर ती वही घेऊन बैठकीला या आणि विचारा: "साहेब, मागे-पुढे किती?"